गळाला लागेपर्यंत: माइनक्राफ्टच्या मासेमारी स्पर्धेत गुण कुठून येतात

या भागाला कारण आहे आर्वीहून आलेला एक मेसेज. जसा आला तसा वाचतो: "दादा, आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपमधी दर रविवारी माइनक्राफ्टवर अर्ध्या तासाची मासेमारी स्पर्धा असते. सगळ्यांचे सत्तर-ऐंशी मासे होतात. एका पोट्ट्याचे दर वेळी दीडशेच्या वर. मागच्या रविवारी १५२. आता सगळे म्हणून राहिले का तो हॅक वापरतो, त्याला ग्रुपमधून काढायचं. तू सांग, हे शक्य आहे का?"

प्रश्न खेळाचा असला तरी एका पोराला चोर ठरवायचं चाललं आहे, म्हणून नीट हिशोब करू. हिशोब झाला की गुण कसे वाढवायचे तेही आपोआप कळेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या ग्रुपचा सर्व्हर जावा आवृत्तीचा आहे, अ‍ॅटर्नोसवर फुकटात चालणारा, आणि पोरं मोबाइलवरून गीझर नावाच्या प्लगइनमधून आत येतात. (बाथरूममधला नाही. मोबाइलची बेडरॉक आवृत्ती जावा सर्व्हरला जोडणारा दुभाषा आहे तो.) हे महत्त्वाचं आहे, कारण मासा कधी लागणार आणि कोणता लागणार हे तुमचा फोन ठरवतच नाही. ते सर्व्हर ठरवतो, फोन फक्त चित्र दाखवतो. म्हणजे खेळताय मोबाइलवर, पण नियम जावाचे. पुढचे सगळे आकडे जावाचेच आहेत. नुसत्या बेडरॉकमध्ये खेळत असाल तर काही गोष्टी वेगळ्या असतात, ते ध्यानात ठेवा.

आता गळ पाण्यात पडल्यावर आत काय होतं ते बघू. सर्व्हर एक आकडा काढतो, ५ ते ३० सेकंदांमधला कुठलाही. तेवढा वेळ काहीच होत नाही. मग बुडबुड्यांची एक रेघ बॉबरकडे सरकताना दिसते, ती १ ते ४ सेकंद चालते. मग बॉबर खाली जातो, आणि तुमच्याकडे ओढायला १ ते २ सेकंद असतात. बस, एवढंच. साध्या रॉडला सरासरी साडेसतरा सेकंद वाट पाहणं, अडीच सेकंद बुडबुडे, म्हणजे वीस सेकंद. ओढणं आणि परत टाकणं यात एक सेकंद धरा. एका माशाला एकवीस सेकंद. अर्ध्या तासाचे १८०० सेकंद, भागिले एकवीस: पंच्याऐंशी मासे. एखादा सुटतो, मध्येच कोणाचा फोन येतो. तुमचे सत्तर-ऐंशी इथून आले.

आता ल्युअर ही जादू चढवा. ती एका पायरीला वाट पाहण्याच्या आकड्यातून ५ सेकंद कमी करते. ल्युअर १ लावला की ५ ते ३० चे ० ते २५ होतात, सरासरी साडेबारा. ल्युअर २ ला गंमत होते. दहा वजा केल्यावर काही आकडे शून्याच्या खाली जातात, आणि असा आकडा आला की सर्व्हर तो टाकून लगेच दुसरा काढतो. त्यामुळे उरतात ० ते २०, सरासरी दहा. ल्युअर ३ ला ० ते १५, सरासरी साडेसात. बघा, पहिली पायरी सरासरीतून पाच सेकंद वाचवते, दुसरी आणि तिसरी अडीच-अडीचच. म्हणून ल्युअर ३ मिळेपर्यंत साधी काठी घेऊन बसू नका. ल्युअर १ नेच पंच्याऐंशीचे एकशे बारा होतात. ल्युअर २ ने एकशे तेहतीस, ल्युअर ३ ने एकशे त्रेसष्ट.

एकशे त्रेसष्ट. त्या पोराचे १५२.

(ज्यांच्याकडे सर्व्हरचे अ‍ॅडमिन हक्क आहेत त्यांच्यासाठी: कमांडने ल्युअर ६ ची काठी बनवून बघा. तीसातून तीस गेले शून्य, प्रत्येक आकडा बाद, सर्व्हर नवा काढतच राहतो, आणि मासा कधीच लागत नाही. आमच्या धंद्यात अशा गोष्टी पाहून फार बरं वाटतं.)

पण ल्युअरपेक्षाही जास्त गुण पोरं जिथे घालवतात ती जागा वेगळी आहे, ती म्हणजे अधीरपणा. दहा सेकंद झाले, काही लागलं नाही, की काठी ओढायची आणि दुसरीकडे टाकायची. "इथे मासे नाहीत वाटतं." अरे, इथे-तिथे मासे नसतातच. पाण्याखाली पोहताना दिसतात त्या माशांचा आणि तुमच्या गळाचा काही संबंध नाही. आकडा गळ टाकल्यावर ठरलाय आणि तो उलटा मोजत चाललाय. साध्या काठीला दहा सेकंदांच्या आत आकडा संपण्याची शक्यता फक्त पाचात एक. दर दहा सेकंदांनी ओढणारा पाचातल्या चार वेळा रिकामाच परत येतो, आणि प्रत्येक वेळी मोजणी पहिल्यापासून सुरू. त्याला एक मासा सरासरी पन्नासेक सेकंदांना पडतो.

धाम नदीच्या काठी गळ टाकून बसलेला माणूस जागा बदलतो, कारण तिथे खरंच मासा असतो किंवा नसतो, डोह कुठे आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. इथे तो अनुभव उलटा पडतो. ल्युअर ३ असेल तर दहा सेकंद वाट पाहून झाल्यावर उरलेली वाट सरासरी फक्त अडीच सेकंदांची आहे. ओढून परत टाकलीत तर पुन्हा साडेसात. जितका वेळ गेला तितका मासा जवळ आला, असं या खेळात खरंच आहे. आणि बॉबर बुडाला पण तुम्ही चुकलात, तरी काठी ओढू नका. राहू द्या पाण्यातच. सर्व्हर स्वतःहून नवा आकडा काढतो, तुमचं टाकणं वाचतं.

मग कधी ओढायची? ल्युअर ३ ला जास्तीत जास्त १५ अधिक ४, म्हणजे १९ सेकंद. मोकळ्या आकाशाखाली वीस सेकंदांत काहीच झालं नाही तर बॉबर कशात तरी अडकलाय किंवा सर्व्हर हळू झालाय, तेव्हा बघा. साध्या काठीला हीच मर्यादा ३४ सेकंदांची.

मोकळं आकाश म्हणालो, त्याचं कारण ऐका. बॉबरच्या वर छप्पर असेल तर मोजणी निम्म्या वेगाने चालते. वीस सेकंदांचे चाळीस होतात. अर्ध्या तासात साध्या काठीने जेमतेम चव्वेचाळीस मासे. पुढच्या मेसेजमध्ये या भावाने सांगितलं होतं की त्यांच्यातल्या एकाचे नेहमी चाळीसच होतात आणि त्याला सगळे चिडवतात. मी विचारलं, तो बसतो कुठे? उत्तर आलं, "त्यानं घरातच तळं बनवलं आहे." घ्या. तो ल्युअर ३ घेऊन त्या घरात बसला तरी पंच्याऐंशीलाच थांबेल, म्हणजे बाहेर साध्या काठीने होतात तेवढ्यावर. भिंती पाडू नको भाऊ, फक्त छत काढ.

पाऊस आला तर उलट. बॉबरवर पाऊस पडत असेल तर मोजणी सव्वापट वेगाने होते, म्हणजे वेळ पाचव्या हिश्शाने घटतो. ल्युअर ३ आणि पाऊस मिळून एका माशाला नऊ सेकंद, अर्ध्या तासात दोनशे. पहिल्या पावसात मासे चढतात हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. खेळ बनवणाऱ्याने ते कुठून घेतलं देव जाणे. फक्त वाळवंटात पाऊस पडत नाही, आणि बर्फाच्या प्रदेशात पडतो तो बर्फ, तो यात धरत नाहीत. रात्र असली की जास्त मासे, समुद्रात मोठे मासे, हे सगळं मनाचं. काहीही फरक पडत नाही.

एक गोष्ट स्पर्धेच्या मधोमध रडवते. जावात काठीचा टिकाऊपणा ६४ आहे. दर माशाला एक जातो. म्हणजे तुम्ही चांगले खेळत असाल तर अर्ध्या वाटेवरही न पोचता, चौसष्टाव्या माशाला, काठी तुटते. अनब्रेकिंग ३ असेल तर ती सरासरी चौपट टिकते, अर्धा तास सहज निघतो. मेंडिंग असेल तर प्रश्नच मिटला, कारण प्रत्येक माशाबरोबर मिळणारा अनुभव काठीच दुरुस्त करत राहतो. दोन्ही नसेल तर दोन-तीन काठ्या हाताशी ठेवा. आणि गळ जमिनीवर पडला तर ओढताना दोन जातात, एखादी कोंबडी अडकली तर पाच. नीट टाका.

आता लक ऑफ द सी. यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. साध्या काठीला १०० पैकी ८५ वेळा मासा, १० वेळा कचरा, ५ वेळा खजिना. लक ऑफ द सी ३ लावलं की खजिना ११.३ टक्के, कचरा ४ च्या आसपास, आणि मासा जवळपास तिथेच, ८४.५. म्हणजे ते मासे वाढवत नाही, कचऱ्याच्या जागी खजिना आणतं. माशांमध्ये कॉड ६० टक्के, सॅल्मन २५, पफरफिश १३ आणि ट्रॉपिकल फिश फक्त २.

मग ल्युअर घ्यायचं की लक? तुमची गुणपद्धत काय आहे ते सांगा, मग उत्तर देतो. आर्वीच्या ग्रुपची अशी आहे: कॉड १, सॅल्मन २, पफर ३, ट्रॉपिकल १५, खजिन्याची कुठलीही वस्तू ५. यात एक मासा सरासरी १.७९ गुणांचा. साध्या काठीचं एक ओढणं सरासरी १.७७ गुण देतं, लक ३ चं २.०८. वाढ सतरा-अठरा टक्के. ल्युअर ३ ओढण्यांची संख्याच नव्वद टक्क्यांनी वाढवतं. तुलनाच नाही. मी उलटा हिशोबही करून बघितला: लकने ल्युअरला हरवायचं असेल तर खजिन्याला ८० च्या आसपास गुण हवेत. इतके गुण कोण देतं? दोन्ही एकाच काठीवर मिळाले तर घ्याच, पण एकच निवडायचं असेल तर डोळे झाकून ल्युअर.

खजिन्यासाठी अजून एक अट आहे. २०२० साली आलेल्या १.१६ पासून जावात खजिना फक्त मोकळ्या पाण्यात मिळतो. बॉबरच्या भोवती पाच बाय पाचचा चौकोन, उंचीला चार थर. खालच्या थरांत पाणीच हवं, वरच्या थरांत हवाच. कमळाचं पान चालतं. एका ठोकळ्याएवढा खड्डा खणून त्यात गळ टाकणाऱ्याला मासे मिळतील, खजिना शून्य. लक ऑफ द सी लावून खड्ड्यात बसणारे मी पाहिले आहेत.

राहिली लॅगची तक्रार. वर्ध्याहून युरोपातल्या सर्व्हरला पिंग दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद येतो. तुमची स्वतःची प्रतिक्रिया पाव सेकंद धरा. बेरीज अर्धा सेकंद. खिडकी आहे कमीत कमी एका सेकंदाची. म्हणजे स्थिर पिंगमुळे मासा सुटत नाही. सुटतो तो पिंग मधूनच हजारावर उडतो तेव्हा, जसं लाइट गेली की वायफायवरून हॉटस्पॉटवर जाताना होतं. सर्व्हरच मंदावला तर सगळ्यांचेच सेकंद लांबतात, त्यात तुमचं एकट्याचं नुकसान नाही. एक स्वस्त उपाय सांगतो: तारेचे इअरफोन लावा. बॉबर बुडताना "छपाक्" होतं, ते डोळ्यांआधी कानाला कळतं. ब्लूटूथ मात्र आवाज उशिरा पोचवतो, तिथे मिळवलेलं तिथेच जातं.

तर १५२. पाऊस नसताना ल्युअर ३ ने, यंत्राच्या प्रतिक्रियेने, एक क्षणही न घालवता, सरासरी १८० होतात. नशिबाने पाच-दहा इकडे तिकडे. कोणी दर रविवारी कोरड्या हवेत १८० च्या वर जात असेल तर मलाही शंका येईल. १५२ म्हणजे एका माशाला बारा सेकंदांहून थोडं कमी. हे माणसाचं खेळणं आहे, त्यात दोन-चार मासे सुटलेलेही आहेत. त्याला काढण्याआधी त्याच्या काठीवर काय लिहिलंय ते विचारा. त्याने लपवलंही नसेल, तुम्ही कोणी विचारलंच नसेल.

आणि भाऊ, तुझ्या मेसेजच्या शेवटी जे होतं ते मी मुद्दाम शेवटी घेतलं: "पुढच्या महिन्यापासून पन्नास-पन्नास रुपये जमा करून जिंकणाऱ्याला द्यायचा विचार आहे." ते करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ त्यात बंद केला आहे, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. शिक्षा आहे ती खेळवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. तुमच्या ग्रुपमध्ये सर्व्हर चालवणारा, पैसे गोळा करणारा आणि निकाल लावणारा तूच आहेस. पन्नास रुपयांसाठी ते नको. जिंकणाऱ्याला सोमवारी सकाळी तर्री-पोहे दे, पैसे कोणाकडून घेऊ नको. आणि या रविवारी सगळ्यांना ल्युअर ३ ची सारखीच काठी देऊन खेळून बघा, घरातल्या तळ्यावाल्यालाही. कोणाचे किती झाले ते मला कळव, आकडे पुढच्या भागात वाचतो.