हात वाढले, तर वेळ घटेल का?

लग्नघरात हजार पुरणपोळ्या करायच्या असल्या की दहाजणी लाटायला बसतात आणि काम झटपट उरकते. पण डाळ शिजल्याशिवाय पुरण होत नाही आणि पुरणाशिवाय पोळी होत नाही. तिथे शंभर हात आले तरी वाट पाहावीच लागते.

संगणकांचेही असेच आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली तयार केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक अनेक प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावत असे. आज साध्या मोबाइलमध्येही अनेक प्रोसेसर असतात. पण त्यामुळे प्रत्येक प्रश्न लवकर सुटतो का?

बेरजेचेच उदाहरण घ्या. १०२४ संख्यांची बेरीज एकट्याने करायची तर १०२३ वेळा मिळवणी करावी लागेल. ५१२ जणांनी दोन-दोन संख्या वाटून घेतल्या आणि आलेल्या उत्तरांच्या पुन्हा जोड्या लावत गेले, तर १० फेऱ्यांतच उत्तर हाती येते. अशा प्रश्नांच्या वर्गाला ‘एनसी’ म्हणजे ‘निक्स क्लास’ म्हणतात. निकोलस पिपेंजर यांच्या संशोधनावरून स्टीफन कुक यांनी हे नाव दिले.

याउलट काही प्रश्नांत प्रत्येक पायरी मागच्या उत्तरासाठी अडून बसलेली दिसते. एकमेकांना जोडलेल्या ‘लॉजिक गेट’च्या जाळ्यातून शेवटी शून्य येईल की एक, हा तसाच प्रश्न. एकटा संगणक वाजवी वेळात सोडवू शकेल असा कोणताही प्रश्न याच रूपात मांडता येतो, हे रिचर्ड लॅडनर यांनी १९७५ साली दाखवले. म्हणजे हा एक ‘एनसी’त बसला, तर बाकीचेही बसतील!

कधी कधी अडलेली वाट मोकळीही होते. समजा, शंभर मुले, शंभर मुली आणि कोणाला कोण पसंत याची यादी आहे. सर्वांची लग्ने कशी जुळवायची? जुळवणीचे अनेक मार्ग असले तर प्रत्येक प्रोसेसर वेगळाच मार्ग धरतो आणि गोंधळ उडतो. मुंबई आयआयटीत शिकलेले केतन मुळमुळे आणि उमेश व विजय वझिरानी हे बंधू यांनी १९८७ साली सोपी युक्ती सुचवली: प्रत्येक संभाव्य जोडीला चिठ्ठी टाकून एक अंक द्यायचा. मग सर्वांत कमी बेरजेची जुळवणी बहुधा एकच उरते आणि सारे प्रोसेसर तीच शोधतात. चिठ्ठ्यांशिवायही हे जवळजवळ साधते, हे स्टीफन फेनर, रोहित गुर्जर आणि थॉमस थिएरॉफ यांनी २०१६ साली दाखवले.

मग प्रत्येक प्रश्नाला अशी युक्ती सापडेल, की काही ठिकाणी डाळ शिजेपर्यंत थांबणे अटळच आहे? याचे उत्तर अद्याप कोणीही सिद्ध केलेले नाही.