हिवाळ्याच्या संध्याकाळी गरम मसालेदार पेय : ऊब हवी, मद्य नको

डिसेंबर लागला की वर्धा जिल्ह्यातील रात्री झपाट्याने गार होऊ लागतात. दुपारी ऊन चटका देते, परंतु सूर्य मावळताच गारवा हाडांत शिरतो आणि पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. अशा दिवसांत ज्येष्ठांच्या घरी एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘कोमट पाण्यातून दोन चमचे ब्रँडी द्या, ऊब येईल.’ परदेशी राहणाऱ्या मुला-नातवंडांमुळे आता या सल्ल्याला एक नवा सोबती मिळाला आहे, तो म्हणजे गरम मसालेदार ‘एल’. सावंगी (मेघे) परिसरात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करताना दर हिवाळ्यात या प्रश्नाशी गाठ पडते. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करू.

एल म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासून आंबवून केलेली एक प्रकारची बिअर. इंग्लंडमध्ये नाताळाच्या दिवसांत ती गरम करून तीत साखर, सुंठ, जायफळ आणि भाजलेली सफरचंदे घालण्याची प्रथा फार जुनी आहे. थंड, अंधाऱ्या संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून वाफाळता पेला हाती घ्यावा, ही त्यामागची ओढ समजण्यासारखी आहे. गंमत अशी की, त्या पेयाला खुमारी आणणारे बहुतेक मसाले आपल्या फडताळातलेच आहेत.

आपल्या जिल्ह्यात हे पेय करणे कायद्यानेच शक्य नाही. गांधीजी आणि विनोबा यांच्या वास्तव्याने ओळखल्या जाणाऱ्या या भूमीत सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. परंतु कायद्याची बाब क्षणभर बाजूला ठेवली, तरी वैद्यकीय उत्तर बदलत नाही.

ऊब वाटणे आणि ऊब असणे

मद्य घेतल्यावर अंग गरम वाटते, हे खरे. त्याचे कारण असे की, मद्यामुळे त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीराच्या आतील गरम रक्त पृष्ठभागाकडे वाहू लागते. गाल लाल होतात, हातपाय उबदार वाटतात. पण हीच उष्णता त्वचेवाटे बाहेरच्या गार हवेत निघून जाते आणि शरीराचा गाभा थंड होऊ लागतो. शिवाय थंडीत कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची शरीराची शक्तीही मद्याने मंदावते. म्हणजे घरातील उबदार हवा दार उघडून बाहेर सोडावी आणि दाराशी उभे राहून ‘किती छान ऊब आहे’ म्हणावे, तसा हा प्रकार होतो.

तरुणांपेक्षा वृद्धांना याचा धोका अधिक असतो. वयानुसार शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढेच मद्य रक्तात अधिक तीव्र होते. थंडीची जाणीवही बोथट झालेली असते. शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, तर बोलणे अडखळते, गुंगी येते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गरम केल्याने मद्य ‘उडून जाते’ हाही गैरसमज आहे. पेय नुसते कोमट केले, तर जवळजवळ सारा मद्यार्क तसाच राहतो आणि काही मिनिटे उकळले, तरी बराच अंश शिल्लक उरतो.

औषधांशी होणारा संघर्ष

साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या उशाशी गोळ्यांचा डबा असतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल, तर मद्यामुळे रात्री रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. घाम, बडबड, गुंगी ही त्याची लक्षणे घरच्यांना ‘चढली आहे’ अशी वाटतात आणि मोलाचा वेळ जातो. झोपेच्या गोळ्या आणि सर्दीची काही औषधे यांच्या जोडीने मद्य श्वसन मंद करू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत घेतल्यास रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन पडण्याची आणि खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

येथे काळजीवाहू मंडळींना एक कळकळीची विनंती आहे. दारूबंदीच्या जिल्ह्यात आजोबा थोडी घेतात, ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवली जाते. कृपया लपवू नका. रुग्णाने सांगितलेले गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे, आणि ते ठाऊक असल्याशिवाय औषधांची मात्रा नीट ठरवता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अनेक वर्षे रोज पिणाऱ्या व्यक्तीची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास होणे, फिट येणे असे गंभीर त्रास होऊ शकतात. ती वैद्यकीय देखरेखीखाली सोडवावी. चोरट्या हातभट्टीच्या दारूत मिथेनॉल असण्याचा धोका असतो. त्याने दृष्टी जाते, प्रसंगी प्राणही जातो.

जव-संत्र्याचे गरम पेय

मग संध्याकाळच्या त्या वाफाळत्या पेल्याचे काय? तो अवश्य घ्यावा. एलची खरपूस, किंचित कडसर चव भाजलेल्या जवाने येते आणि हिवाळ्यात संत्री तर आपल्या दाराशी असतात. कारंजा (घाडगे) आणि आर्वीकडील बागा या दिवसांत बहरात असतात. चार जणांसाठी कृती अशी :

चार मोठे चमचे जव मंद आचेवर तपकिरी होईतो भाजावेत. करपू देऊ नयेत. पाच कप पाण्यात ते वीस ते पंचवीस मिनिटे उकळावेत. त्यात दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा एक तुकडा, तीन लवंगा, चार ठेचलेले मिरे, अर्धा चमचा सुंठ आणि संत्र्याच्या स्वच्छ धुतलेल्या सालीचा दोन इंच तुकडा घालून आणखी पाच मिनिटे झाकून ठेवावे. गाळून दोन चमचे गूळ विरघळवावा. आच बंद केल्यावर अर्धा कप ताजा संत्र्याचा रस आणि चिमटीभर किसलेले जायफळ घालावे. रस घातल्यावर पुन्हा उकळू नये. उकळल्यास ‘क’ जीवनसत्त्व कमी होते आणि चवही उतरते.

जायफळ चिमटीपलीकडे नको. जास्त प्रमाणात ते विषारी ठरते. दालचिनीही रोज मोठ्या प्रमाणात घेऊ नये, कारण बाजारात सहसा मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीतील एक घटक यकृताला त्रासदायक असतो.

कोणी कशी काळजी घ्यावी

मधुमेहींनी गूळ वगळावा; गूळ ही साखरच आहे. रसही दोन चमच्यांपुरताच ठेवावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी संत्र्यातील पोटॅशियममुळे रस टाळावा किंवा डॉक्टरांना विचारावे. हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा घातलेल्यांनी हा पेला दिवसभराच्या मापात धरावा. ज्यांना गव्हातील ग्लुटेन चालत नाही, त्यांना जवही चालत नाहीत. त्यांनी जवाऐवजी भाजलेली ज्वारी वापरावी. आम्लपित्त असल्यास मिरे व सुंठ निम्मे करावेत.

पेय फार कडकडीत पिऊ नये. ६५ अंशांहून अधिक गरम पेये वारंवार घेणे अन्ननलिकेला घातक असू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले आहे. हात कापणाऱ्या ज्येष्ठांना कानाचा पेला अर्धाच भरून द्यावा. पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होत असेल, तर पातळ पेय देण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इतरांनाही ताठ बसवून लहान घोटांनी पाजावे.

वेळ संध्याकाळी पाच-सहाची ठेवावी, म्हणजे रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागत नाही. उरलेल्या रात्रीची ऊब कानटोपी, पायमोजे आणि एकावर एक घातलेल्या दोन पातळ कपड्यांनी राखावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे मात्र कटाक्षाने टाळावे; तिच्यातील विषारी वायूला वास नसतो. आणि आजी-आजोबांच्या हाती पेला देऊन निघून जाऊ नका. आपलाही पेला घेऊन दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसा. त्यांचे बोलणे नेहमीसारखे आहे ना, हात गार पडले नाहीत ना, संध्याकाळची गोळी घेतली ना, हे त्या दहा मिनिटांत सहज कळते.