गौरीपुढची जर्मन गवळण

वाईला आमच्या आजोळी चैत्रगौरीची आरास मांडताना कापसात गुंडाळलेली एक गवळण खोक्यातून सगळ्यात शेवटी निघायची. वीतभर उंच, चिनीमातीची, गवती टोपीची, हातात फुलांची परडी. एका हाताची करंगळी तुटलेली. आजी तिला 'मडम' म्हणायची. तिची जागा ठरलेली होती: दुसऱ्या पायरीवर, कलिंगडाच्या कमळाशेजारी, एका बाजूला करंज्यांचं ताट आणि दुसऱ्या बाजूला कैरीच्या डाळीचं पातेलं.

ही जागा किती बरोबर होती, ते मला फार उशिरा कळलं. या बाहुलीचं कूळ जेवणाच्या टेबलावरचं आहे.

युरोपातल्या राजवाड्यांत मेजवानीच्या शेवटी गोड पदार्थ यायचे, तेव्हा टेबलाच्या मधोमध साखरेचे देखावे मांडत. पिठीसाखरेत डिंक मळून हलवाई साच्यांतून देव, शिकारी, झाडं, कारंजी काढत. हे ऐकलं की मला पाडव्याच्या गाठी आठवतात. लाकडी साच्यात दोरा ठेवून त्यावर पाक ओततात. गाठी गुढीवर चढतात आणि दोनच दिवसांनी, चैत्र शुद्ध तृतीयेला, गौर बसते. आधी साखर, मग बाहुल्या. युरोपातही क्रम हाच होता, फक्त त्याला दोन दिवसांऐवजी दोन-अडीच शतकं लागली.

चिनीमातीचं गुपित चीनकडे होतं. सॅक्सनीचा सत्ताधीश ऑगस्टस याने बोटगर नावाच्या किमयागाराला सोनं बनवण्यासाठी डांबून ठेवलं होतं. त्या खटपटीतून 1708 मध्ये हाती आली पांढरी चिनीमाती, आणि 1710 मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला. 1731 मध्ये तिथे आलेल्या योहान योआखिम केंडलर या शिल्पकाराने साखरेच्या मूर्तींची जागा चिनीमातीला दिली. गवळणी, मेंढपाळ, फेरीवाले, विदूषक, वाद्यं वाजवणारी माकडं असं अख्खं गाव त्याने टेबलावर वसवलं. त्याच्याच देखरेखीखाली काउंट ब्रूलसाठी घडलेल्या 'हंस' संचात दोन हजारांहून अधिक नग होते. पुढे म्युनिकजवळच्या निम्फेनबर्गला बुस्तेलीने नाटकमंडळीतल्या पात्रांच्या 16 मूर्ती केल्या. मला केंडलरपेक्षा बुस्तेली जवळचा वाटतो, त्याची माणसं आत्ता पाऊल टाकतील अशी उभी असतात. फ्रान्सच्या सेव्हरने झिलईच घातली नाही, मूर्ती संगमरवरासारख्या कोऱ्या ठेवल्या. इंग्लंडमध्ये बो, चेल्सी, डर्बी इथे असंच काम चाललं.

आमची मडम त्या मानाने गरीब घरची. तळाशी 'मेड इन जर्मनी' आहे, म्हणजे ती 1887 च्या ब्रिटिश कायद्यानंतरची. त्या कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. पण घडण जुनीच. डोकं, हात, टोपी वेगवेगळ्या साच्यांतून काढून पातळ मातीने सांधलेली. मागचं झाडाचं खोड शोभेचं वाटतं. खरं तर भट्टीत मऊ पडलेली मूर्ती बसू नये म्हणून तो टेकू आहे. तळाशी करंगळीएवढं भोक आहे. आतली तापलेली हवा तिथून निघून जाते, नाहीतर मूर्ती फुटेल.

आपल्याकडे पंगतीत पाट, पान आणि रांगोळी. टेबलच नाही, तर त्याच्या मधोमध काय मांडणार? म्हणून या बाहुल्या काचेच्या कपाटात गेल्या आणि वर्षातून महिनाभर गौरीच्या पायऱ्यांवर येऊ लागल्या, नेमक्या खाद्यपदार्थांच्या मधोमध. त्यांचं मूळ काम त्यांना परत मिळालं, आणि ते बायकांनी दिलं. जर्मन कारखान्यांनीही हे गिऱ्हाईक ओळखलं. रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढल्यावर त्याची लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचली, आणि त्याच धाटणीच्या चिनीमातीच्या देवमूर्ती जर्मनीहून येऊ लागल्या.

औंधला यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत, हेन्री मूरचं दगडी 'माता आणि बालक' आहे. इथलं आणि युरोपातलं एका छपराखाली ठेवायची ती दृष्टी मला मोलाची वाटते. पण सातारा-सांगलीच्या वाड्यांतली गौरीची खोकी अजून कुणी नोंदवलेली नाहीत, आणि वाटण्या होताना ती सगळ्यात आधी भंगारात जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. घरात अशी बाहुली असेल तर एवढं करा: गरम पाणी आणि सोडा लावू नका, सोनेरी रेघ निघून जाते. तुटलेला तुकडा घाईने चिकटवू नका, कागदात बांधून बाहुलीसोबतच ठेवा.

आजीनंतर मडम सांगलीला मावशीकडे गेली, गावभागात. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा घरात शिरली. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा फोटो आणि शाडूच्या मूर्तींचा लगदा झाला होता. मडम गाळात आडवी पडली होती. नळाखाली धरताच गालांची लाली जशीच्या तशी वर आली. पण ती नेहमीपेक्षा जड लागत होती. मावशीने तिला उलटी केली, भोकात उदबत्तीची काडी घातली, आणि आतून काळा गाळ ओघळू लागला. दोन दिवस ती मोरीच्या कठड्यावर टोपी खाली करून निथळत होती. पुढच्या चैत्रात दुसऱ्या पायरीवर ठेवताना मावशीने तिला कानाशी धरून हलवलं. आत अजून थोडं काहीतरी खुळखुळत होतं.