फाटक्या आवाजाचा डबा



माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे विज्ञानावर मराठीत लिहायला बसलो की 'रोध'च्या जागी हातून 'प्रतिरोध' लिहिला जातो, आणि दुकानदार तर दोन्ही शब्द ऐकून घेत नाही, त्याला 'रेझिस्टन्स' लागतो. मुद्रिते तपासणाऱ्या बाईंचे आधीच आभार मानून ठेवतो. या अंकाचा विषय मी शोधलेला नाही. तो माझ्या ऑफिसातल्या कपाटातून निघाला.

झाले असे की दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची तालीम चालू होती. अकरावी सायन्सचा एक मुलगा गिटार वाजवत होता. गिटारची वायर आधी एका पत्र्याच्या कंपास पेटीत शिरत होती आणि तिथून पुढे स्पीकरला जात होती. त्याने पेटीवर पाय दिला आणि आवाज फाटला. आपल्या मिरवणुकीत बँजो पार्टीचा भोंगा शेवटच्या चौकापर्यंत येता येता जसा फाटतो, अगदी तसा. स्पीकर भाड्याचे होते. मी धावत गेलो, ती पेटी वायरसकट उचलली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. "सर, तो आवाज मुद्दाम काढलेला आहे," असे तो म्हणाला. मला तो उद्धटपणा वाटला.

फेब्रुवारीत पेटी परत दिली. त्याने ती माझ्यासमोरच उघडली. आतली चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी फुटून वाहिली होती आणि तिचा पांढरा-हिरवा क्षार बोर्डाच्या तांब्यावर चढला होता. अर्ध्या पट्ट्या खाल्ल्या गेल्या होत्या. मुलगा रागावला नाही. "सर, वायर काढून ठेवायला हवी होती," एवढेच म्हणाला.

त्याचे म्हणणे काय होते ते मला नंतर कळले. या पेट्यांना वेगळे बटण नसते. गिटारची पिन ज्या जॅकमध्ये जाते तो जॅक स्टिरिओचा घेतात आणि बॅटरीची ऋण तार त्याच्या मधल्या पत्तीला जोडतात. साधी पिन आत गेली की ती पत्ती आणि जमिनीची पत्ती जोडली जाते, मंडल पूर्ण होते. पिन बाहेर असेल तर बॅटरी बंद. मी पेटी वायरसकट ठेवली, म्हणजे ती कपाटात बंद असतानाही चालूच होती. थोडक्यात, विज्ञानाचा पदवीधर मुख्याध्यापक आणि अकरावीचा मुलगा यांच्यात चूक कोणाची झाली हे स्पष्ट होते. म्हणून मी त्याला म्हटले, दुसरी बनव, सामान मी आणतो, आणि बनवताना मला शेजारी बसू दे.

या पेटीला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात. ती काय करते हे समजायला दहावीचे विज्ञान पुरते.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा लोखंडाच्या जातीच्या असतात. त्यांच्याखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यात विद्युतदाब निर्माण होतो. हे फॅरडेचे प्रवर्तन, जे आपण प्रयोगशाळेत गॅल्व्हनोमीटरची सुई हलवून दाखवतो. हा दाब अगदी लहान असतो, साधारण एक दशांश व्होल्टच्या आसपास. पेडलमधली आठ पायांची चिप तो वाढवते. किती वाढवायचा हे ५१ किलोओहम, ५०० किलोओहमचा फिरता कंट्रोल आणि ४.७ किलोओहम या तीन रोधांवर ठरते. कंट्रोल खाली असेल तर सुमारे १२ पट, पूर्ण वर असेल तर सुमारे ११८ पट. हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा: वरचे दोन रोध मिळवा, ४.७ ने भागा, त्यात एक मिळवा.

आता एक दशांश व्होल्टच्या ११८ पट म्हणजे जवळजवळ १२ व्होल्ट. बॅटरीच ९ व्होल्टची, मग हे जाणार कुठे? जात नाही. चिपच्या परतीच्या वाटेवर दोन डायोड उलटसुलट लावलेले असतात. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला उघडतो. लाट तिथवर पोचली की एक डायोड वरच्या बाजूने आणि दुसरा खालच्या बाजूने तिला अडवतो. उंच मुलगा ठेंगण्या दारातून जाताना वाकतो तसा लाटेचा माथा वाकतो, सपाट होतो. हाच तो फाटका आवाज. यात गंमत अशी की या रचनेत मूळची न वाढवलेली लाट त्या सपाट माथ्यावर तशीच स्वार राहते, त्यामुळे हळू छेडले की आवाज स्वच्छ आणि जोरात छेडले की फाटलेला. बोट किती जोराने पडले ते ऐकू येते. हेच डायोड परतीच्या वाटेवर न लावता चिपच्या पुढे थेट जमिनीला जोडले तर लाट करवतीने कापल्यासारखी कापली जाते. काहींना तेच आवडते.

माथा सपाट झाल्याने नवे सूर का निघतात? ११० कंपनांचा सूर घ्या. दोन्ही बाजू सारख्या कापल्या तर त्यात ३३०, ५५० अशा विषम पटींची भर पडते. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला ओळीने दोन डायोड लावले तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या उंचीवर कापल्या जातात आणि २२०, ४४० या सम पटीही येतात. २२० म्हणजे त्याच सुराचा वरचा षड्ज, म्हणून हा आवाज कानाला भरदार लागतो.

आपल्या संगीताच्या बाई या प्रयोगात सामील झाल्या तेव्हा त्यांनी एक गोष्ट लगेच पकडली. पेडल चालू ठेवून सा आणि प एकत्र वाजवले तर गोड लागतात, पण सा आणि ग वाजवले की चिखल होतो. कारण कापलेल्या लाटेत दोन सुरांच्या वजाबाकीचाही सूर निघतो. सा आणि प यांचे प्रमाण २:३, वजाबाकी १, म्हणजे खालचा सा. तो आपलाच सूर, खटकत नाही. ग मात्र गिटारच्या पडद्यांवर शुद्ध प्रमाणात बसत नाही, थोडा चढा असतो, आणि त्या चढेपणाची घरघर पेडल मोठी करून दाखवते. रॉक संगीतवाले सा-प एवढेच का वाजवत बसतात, हा माझा जुना प्रश्न असा सुटला.

हा आवाज कोणी शोधून काढला म्हणावे, तर तो बिघाडातूनच आला. १९५८ मध्ये अमेरिकेत लिंक रे या वादकाने स्पीकरच्या कागदाला भोके पाडली. त्यानंतर नॅशव्हिलच्या एका ध्वनिमुद्रणात मिक्सरमधला भाग बिघडला आणि गिटार भलतीच वाजली. तो आवाज लोकांना आवडला म्हणून तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी तसाच बिघाड करणारे मंडल बनवले आणि ते १९६२ मध्ये बाजारात आले. १९६४ मध्ये इंग्लंडच्या डेव्ह डेव्हिस यांनी ब्लेडने स्पीकर चिरला. पुढे हे काम जपानकडे गेले. १९७९ मध्ये तिथल्या सुसुमु तामुरा यांच्या रचनेवर ट्यूब स्क्रीमर नावाची हिरवी पेटी निघाली. वर सांगितलेले ५१, ५०० आणि ४.७ हे आकडे तिचेच. जगभरच्या हौशी मुलांनी बनवलेल्या असंख्य पेट्या याच मंडलाच्या लेकी-नाती आहेत, आपली कंपास पेटीसुद्धा. ही हौस आपल्यापासून फार दूर आहे असेही नाही. गेल्या दशकात मुंबईच्या ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन या छोट्या कंपनीची पेडल परदेशातल्या वादकांपर्यंत पोचली.

सामानासाठी मी फ्लाइंग राणीने मुंबईला गेलो. (बहिणीकडे जायचेच होते.) मुंबई सेंट्रलहून लॅमिंग्टन रोड जवळ आहे, आणि तिथे ज्या वस्तूचे नाव नीट सांगता येते ती मिळते. चिप, तिच्यासाठी आयसी बेस, डायोड, रोध, कपॅसिटर, तीन कंट्रोल, दोन जॅक, झीरो पीसीबी. पायाचे बटण सर्वांत महाग निघाले. सगळे मिळून साडेसातशेच्या आत बसले. पेटीला पैसे पडले नाहीत, कंपास पेटी घरचीच. तिच्या आत लाकडी पट्टी ठोकली म्हणजे पायाखाली चेपत नाही. जॅक बसतो तिथला रंग खरवडून पत्रा जमिनीला जोडला पाहिजे, नाहीतर ट्यूबलाइटची घूं सगळी आत येते आणि शेजारी कोणी वेल्डिंग सुरू केले तर विचारूच नका.

आपल्या हजीऱ्याची एक खास अडचण आहे, ती कोणत्याही नकाशात लिहिलेली नसते. खाडी आणि समुद्राचा खारा वारा. उघडे तांबे पावसाळ्यात हिरवे पडते, जॅक आणि कंट्रोल खरखर करू लागतात. मुलाने यावर उपाय केला: डाग देऊन झाल्यावर बोर्ड स्पिरिटने पुसला आणि खालच्या बाजूला आईचे नेलपॉलिश लावले. बेसच्या भोकांत जाऊ न देता. यंदाच्या पावसाळ्यानंतर उघडून पाहिले, तांबे अजून लालच होते.

पहिल्या दिवशी पेटी वाजली नाही. मी निराश झालो, तो झाला नाही. त्याने मल्टिमीटर काढला. आठव्या पायावर ९ व्होल्ट पाहिजे, चौथ्यावर शून्य, आणि १, २, ३ या पायांवर बॅटरीच्या निम्मे म्हणजे साधारण साडेचार. पहिल्या पायावर आठच्या वर दिसत होते. म्हणजे परतीची वाट कुठेतरी तुटलेली. शोधता शोधता ५१ किलोओहमच्या रोधाचा डाग ड्राय सोल्डर निघाला. तो डाग मी दिलेला होता. असो.

खरी मजा त्यानंतरची, फेरफारांची. चिप आणि डायोड बेसमध्ये बसवले असल्याने क्षणात बदलता येतात. सिलिकॉनच्या जागी लाल एलईडी लावले तर ते पावणेदोन व्होल्टच्या आसपास अडवतात, म्हणून आवाज मोठा आणि कमी दबलेला. जर्मेनियमचे डायोड ०.३ लाच उघडतात, आवाज लवकर फाटतो आणि लहान होतो. ४.७ किलोओहमला जोडलेला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ७२० कंपनांच्या खालचे सूर कमी वाढवतो. तिथे ०.१ लावला की ती सीमा ३४० च्या जवळ उतरते आणि खर्ज भरतो. हे बदल माझ्यासारख्या कान नसलेल्या माणसालाही ऐकू आले.

एक मात्र ऐकू आले नाही. जुन्या ४५५८ चिपबद्दल हौशी मंडळींत फार भक्तिभाव आहे, जुन्या छापाची चिप जास्त पैसे देऊन घेतात. आम्ही ४५५८ आणि टीएल ०७२ अशा दोन घेतल्या, दोन्हींचे पाय सारखे. बाईंनी पाठ फिरवली, मुलाने दहा वेळा चिप बदलली किंवा बदलल्याचे नाटक केले. बाईंची सहा उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तेवढी येतात. दहा वेळांवरून सिद्धांत मांडू नये, पण डायोड आणि कपॅसिटरवर आधी वेळ घालवावा आणि चिपवर पैसे नंतर, असे माझे मत झाले.

त्या मुलाचे वडील इथे कारखान्यात ठेकेदाराकडे काम करतात. ते भेटायला आले तेव्हा पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, विजेचे काम आहे, पोराला काही झाले तर?" हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचे उत्तर गुळमुळीत देता येत नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीने झटका बसत नाही. म्हणून पेडल बॅटरीवरच बनवायचे, घरच्या विजेला हात लावायचा नाही. अॅडॉप्टर वापरायचाच तर बाजारात मिळणारा तयार घ्यावा, आणि पेडलच्या पिनेत मधला भाग ऋण असतो, इतर बहुतेक उपकरणांच्या उलट, हे तपासावे. नाहीतर चिप जळते. गिटारचा ॲम्प्लिफायर मात्र उघडायचा नाही. विशेषतः व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर प्लग काढल्यावरही आत काही शे व्होल्ट धरून ठेवतो आणि तो जीव घेऊ शकतो. मुलाला मी हे तीनदा वहीत लिहायला लावले. खिडकी उघडी ठेवायची, आणि कथिलात शिसे असते म्हणून डाग देताना काही खायचे नाही आणि नंतर साबणाने हात धुवायचे. वडिलांनी सगळे ऐकून घेतले, मग पेटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, "हे वाजते कसे, ते तरी दाखवा." मुलाने दाखवले. त्यांना आवाज आवडला नाही. पण गेल्या महिन्यात त्यांनीच त्याला नवा मल्टिमीटर आणून दिला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन तास हे काम चालेल. नववीच्या पुढच्या मुलामुलींनी पालकांची चिठ्ठी आणावी. गिटार नसली तरी चालेल, बँजोलाही ही पेटी लागते. सोल्डरिंग आयर्न दोनच आहेत, त्यामुळे एका वेळी चौघे. कंपास पेटी पत्र्याची आणावी, प्लास्टिकची नको.