लाल खडू जपून ठेवा

आज आपण एक चित्रपुस्तक काढू या. कंधारचं एक लेकरू आणि त्याने पाळलेला एक प्राणी, एवढीच गोष्ट. मी सांगते, तुम्ही काढा. मुलगा की मुलगी, नाव काय, केस कसे, ते सगळं तुमच्याकडे. प्राणी मात्र मला निवडू द्या.

वासरू घेऊ या का? कंधारच्या गोष्टीत ते हवंच. लाल कंधारी ही गाईबैलांची जात आपल्या गावाच्या नावानेच ओळखली जाते. पण गोठ्यात वासरू असणं आपल्याकडे काही नवलाचं नाही. ते मागे उभं राहून रवंथ करू दे. मग वाघ? वाघाचं पुस्तक होऊन गेलंय. बस्तरच्या जंगलातला चेंदरू आणि त्याचा वाघ यांचं फोटोंचं पुस्तक स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड बर्गमन सुक्सडॉर्फ यांनी साठेक वर्षांपूर्वी केलं. बिबट्याही झालाय. हेमलकशाच्या नेगल नावाच्या बिबट्यावर विलास मनोहरांचं 'नेगल' हे पुस्तक आहे, मोठे झालात की जरूर वाचा. पोपट? पोपटाला पिंजऱ्यात ठेवायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. माळेगावच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट, सगळे येतात. पण मला हवा असलेला प्राणी तिथेही मिळत नाही. तो रोहिण्या संपून मिरग लागला की आपला आपण जमिनीतून वर येतो.

ओळखलंत ना? मिरगाचा किडा!

काढा पहिलं पान. मागे कंधारचा भुईकोट किल्ला, त्याच्याभोवती खंदक. रात्री पाऊस पडून गेलाय, सकाळचं कोवळं ऊन आहे आणि माती अजून ओली आहे. लेकरू उकिडवं बसलंय. त्याच्या पुढ्यात, करड्या मातीवर, कुणीतरी कुंकवाचा थेंब सांडावा तसा एक लाल ठिपका. आणि तो थेंब चालतोय.

तारीख लिहायची असेल तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली लिहा. सूर्य ७ जूनच्या आसपास मृग नक्षत्रात जातो, म्हणून हा मृगाचा किडा. आणि ऐका, आपल्या नांदेड जिल्ह्याची हद्द ओलांडून तेलंगणात गेलं की याचं नाव बदलतं. तेलुगूत त्याला 'आरुद्र पुरुगु' म्हणतात. पुरुगु म्हणजे किडा आणि आरुद्र म्हणजे मृगाच्या पाठोपाठ येणारं आर्द्रा नक्षत्र. किडा एकच, पण आपण त्याला एका नक्षत्राचं नाव दिलं, शेजाऱ्यांनी पुढच्या नक्षत्राचं. मला हे फार आवडतं. दोन्हीकडचे लोक आभाळाकडे आणि मातीकडे सारख्याच लक्षाने बघत होते, नाही का? संस्कृतात तो इंद्रगोप आणि हिंदीत बीरबहूटी. शास्त्रज्ञांनी ठेवलेलं नाव आहे ट्रॉम्बिडियम ग्रँडिसिमम. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'सगळ्यांत मोठा'. चिंचोक्याएवढा तर असतो, मग मोठा कसला? अहो, त्याचे बहुतेक भाऊबंद टाचणीच्या डोक्याहूनही बारीक असतात. त्यांच्यात हा हत्तीच!

आता दुसरं पान. इथे त्याला पानभर मोठा काढायचाय. पाय किती काढाल?

सहा काढले असतील तर खोडा. मिरगाच्या किड्याला आठ पाय असतात. मुंगी, नाकतोडा, फुलपाखरू हे कीटक, सहा पायांचे. हा नावाने किडा असला तरी कीटक नाही. कोळी, विंचू आणि वासराच्या कानात चिकटून बसणारी गोचीड, हे त्याचे नातलग. कापसावर, भाज्यांवर 'लाल कोळी' पडला असं घरी मोठी माणसं म्हणतात ना, तोसुद्धा याच गोतावळ्यातला. पण तो पानाचा रस शोषतो. आपला मिरगाचा किडा पिकाच्या पानाला तोंड लावत नाही.

डोळे काढताना जरा थांबा. चित्रात सगळे प्राण्यांना मोठ्ठे गोल डोळे देतात. याचे डोळे इवले असतात आणि आखूड देठांवर बसलेले असतात. भिंग असेल तरच दिसतील. चालताना पुढचे पाय तो आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या मुलासारखे चाचपत पुढे टाकतो. ते पाय नीट जमले ना, तर चित्र जिवंत होईल.

आणि रंग! वासरू लाल आहे म्हणून तोच खडू याला वापराल तर फसाल. लाल कंधारीचा लाल हा गडद, तपकिरीकडे झुकणारा. हा अगदी लालभडक. अंगभर दाट, आखूड केस असतात, म्हणून बोटाला मखमल लागते. हा रंग म्हणजे दवंडीच आहे: मला खाऊ नका, मी बेचव आहे. त्यामुळे तो भरदिवसा उघड्या मातीवर निवांत हिंडतो. बहुतेक शिकारी त्याच्या वाटेला जात नाहीत.

वाटेला जातो आपण. हलकेच बोट लावलं की तो पाय पोटाशी ओढून घेतो आणि गोळी होऊन पडून राहतो. मग आपणही श्वास रोखून बघत बसतो. थोड्या वेळाने एक पाय बाहेर, मग दुसरा. हे तिसरं पान. यावर शब्द नकोतच.

चौथ्या पानावर काडीपेटी येते. हे पान काढायला मला जड जातं. मी लहानपणी तीन मिरगाचे किडे काडीपेटीत ठेवले होते. खाली कापूस घातला, खायला हरळीची कोवळी पाती दिली, वर झाकणाला टाचणीने भोकं पाडली. माझ्या मते मी त्यांचं सगळं नीट केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी उघडली तर तिघेही आकसलेले. या वेळी बराच वेळ थांबूनही पाय बाहेर आले नाहीत. मी रडले. मग आजोबांनी परसात नेऊन एक ढेकूळ फोडलं आणि म्हणाले, "बाई, याचं घर हे. ओलं."

हरळी तर तो खातच नाही, हे मला पुढे पुस्तकांतून कळलं. त्याला लागते वाळवी. पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी थव्याने उडते, दिव्याभोवती पडते आणि घरभर पंख होतात, आठवतंय? नेमकी तीच याची पंगत. पाऊस पडला की वाळवी बाहेर येते आणि हाही येतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात याचा एक चुलतभाऊ राहतो. टेविस आणि न्यूवेल या दोन शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढून १९६२ साली सगळं लिहून ठेवलं. तो वर्षभर जमिनीत असतो, चांगला पाऊस झाला की काही तास वर येतो, वाळवी खातो, जोडीदार शोधतो आणि परत माती उकरून आत जातो. विचार करा, अख्ख्या वर्षात काही तास! तुमची शाळेची मधली सुट्टी वर्षातून एकदाच असती तर?

म्हणून आपल्या पुस्तकातल्या लेकराकडे काडीपेटी नाही. त्याच्याकडे ओल्या मातीने अर्धी भरलेली एक पसरट वाटी आहे. ते किड्याला त्यात ठेवतं, भिंगातून पाय मोजतं, चित्र काढतं आणि ऊन चढायच्या आत जिथे सापडला तिथेच सोडतं. पण एकदम पसाभर गोळा करत नाही. काही ठिकाणी औषधी तेलासाठी हे जीव ढिगाने पकडून विकतात. स्वतः बघेपर्यंत मला हे खरं वाटलं नव्हतं.

पाचवं पान आडवं दुभागा. वरच्या भागात जमीन: पेरणी झालीय, अंकुर दिसतायत, दूर जगत्तुंग सागराचं पाणी वाढलंय. हा राष्ट्रकूटांच्या काळातला तलाव, निळा खडू भरपूर लावा. लेकरू एकटंच उभं आहे आणि पायापाशी त्याने खुणेला एक खापर ठेवलंय. खालच्या भागात माती. त्यात एक बारीक बीळ आणि बिळाच्या टोकाला तुमचा लाल ठिपका. आणखी खाली त्याने घातलेली अंडी, अगदी बारीक.

संपलं पुस्तक? नाही. एक पान उरलंय आणि त्यासाठीच मी लाल खडू जपायला सांगितला होता.

पावसाळा उतरणीला लागलाय. ज्वारी, सोयाबीन डोलतंय. लेकरू एका नाकतोड्याला बघतंय. त्याच्या पंखांच्या बुडाशी मोहरीहून बारीक तीन-चार लाल ठिपके चिकटलेत. भिंग लावलं तर ते जिवंत निघतात! ही मखमली किड्यांच्या कुळातली पिल्लं. अंड्यातून निघाली की ती एखाद्या कीटकावर चढतात, त्याच्या अंगातला रस पितात आणि पोट भरलं की टपकन मातीत उतरतात. नाकतोड्याने उडी मारली की तीही उडतात, फुकटची सवारी!

ती काढा. आणि हो, यांना पाय सहाच काढा. उरलेले दोन मातीत गेल्यावर, वाढताना येतात.