जुन्या ट्रॅक्टरचें तेलपाणी

शिवणयंत्रांत चार थेंब तेल सोडलें कीं त्याची कुरकुर थांबते, हा अनुभव घरोघरीं आहे. ज्या यंत्राच्या पोटांत वीस लिटरांहून अधिक तेल मावतें, त्याचें मात्र एवढ्यानें भागत नाहीं. इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९४६ ते १९५६ या काळांत तयार झालेला करड्या रंगाचा फर्ग्युसन ‘टीई २०’ हा ट्रॅक्टर त्यांतलाच. असे पांच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तेथें निघाले. १९५८ च्या जानेवारींत एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोहोंचला, तोहि याच जातीच्या ट्रॅक्टरांवर. हौशी मंडळींनीं त्यांपैकीं कित्येक आजहि चालते ठेवले आहेत.

या ट्रॅक्टरचें वैशिष्ट्य असें कीं, गिअर, मागचा आंस आणि नांगर उचलणारा पंप हीं तिन्ही एकाच तेलावर चालतात. रचना सुटसुटीत खरी. परंतु एके ठिकाणीं शिरलेला दोष सर्वत्र पसरतो. गिअरच्या दांड्यावरील रबरी टोपी फाटली कीं पावसाचें पाणी हळूच आंत उतरतें, आणि तेलास दूध घातलेल्या कॉफीचा रंग येतो. असें तेल थंड असतां काढूं नये. गाळ तळाशींच राहतो. ट्रॅक्टर कांहीं वेळ चालवून, तेल कोमट झाल्यावर तळाचे सर्व बूच उघडावे व तें सावकाश निथळूं द्यावें. नवें तेल निवडतांनाहि सावध असावें, कारण कांहीं अर्वाचीन तेलांतील गंधकयुक्त द्रव्यें काशाच्या भागांस मानवत नाहींत. शिवाय खुणेपेक्षां अधिक भरणें हा उदारपणा नव्हे. जास्तीचें तेल आंसाच्या टोकांकडे वाट काढतें.

खरा धोका तेथेंच आहे. फिरत्या दांड्याभोंवतीं तेल अडविणारी जी कडी असते, तिला कारागीर ‘ऑइल सील’ म्हणतात. ती झिजली कीं तेल चाकाच्या ब्रेकवर उतरतें. या ट्रॅक्टरला ब्रेक केवळ मागच्या दोन चाकांस आहेत. एका बाजूचा ब्रेक तेलकट झाला, तर उतारावर ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूस ओढला जातो. जमिनीवर डाग दिसत नाहीं म्हणून मालक निर्धास्त असतो, आणि तेल ढोलाच्या आंतच सांचत असतें.

सील बदलण्यापूर्वीं आंसाखालीं भक्कम ठोकळे द्यावे. नुसत्या जॅकवर विसंबूं नये. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे राहिली पाहिजे. दांड्यावर जुन्या सीलनें पाडलेली खांच नखास लागत असेल, तर नवें सीलहि गळणारच. तेथें पातळ पोलादी नळी चढवावी लागते. तेल प्यालेलीं ब्रेकचीं अस्तरें धुऊन पुन्हां वापरण्याचा मोह अनेकांस होतो. तीं वरून कोरडीं दिसतात, पण ब्रेक तापला कीं मुरलेलें तेल पुन्हां वर येतें. तीं फेंकावींच, आणि पहिली परीक्षा सपाट शेतांत, नांगर न जोडतां करावी.