मोटरसायकलची कोलांटउडी? आधी पडायला शिका!

दोन सेकंदांच्या उड्डाणामागे असतो वर्षानुवर्षांचा सराव, फोमनं भरलेला खड्डा आणि हाडं मोडून मिळालेलं शहाणपण. फ्रीस्टाइल मोटोक्रॉसच्या हवेतल्या करामती शिकतात तरी कशा?

लोखंडी रॅम्पवरून शंभरेक किलोची मोटरसायकल गुरगुरत वर चढते. टोक आलं की चाकं जमीन सोडतात... आणि स्वार चक्क गाडीही सोडतो! दोन्ही पाय मागं फेकून, एका हातानं सीट पकडून तो हवेत आडवा होतो. क्षणभर वाटतं, गाडी एकीकडे चालली आणि माणूस दुसरीकडे. तेवढ्यात पठ्ठ्या पुन्हा सीटवर! गाडी पलीकडच्या उतारावर टेकते आणि प्रेक्षकांनी रोखून धरलेला श्वास सुटतो.

हा सगळा खेळ जेमतेम दोन सेकंदांचा. चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत संपणारा! पण ते दोन सेकंद आज मोबाइलच्या पडद्यावरून घराघरांत पोहोचले आहेत. कुंभकोणमच्या बोळातला मुलगा असो की कोल्हापूरच्या पेठेतला, दोघंही तो व्हिडिओ पाहतात आणि दोघांचीही नजर दाराशी उभ्या असलेल्या वडिलांच्या गाडीकडे वळते. त्या व्हिडिओत एकच गोष्ट दिसत नाही. ती म्हणजे, त्या उडीआधीची शिकवणी.

पहिला नंबर नाही, गुण मिळवायचे!

मोटोक्रॉस म्हणजे माती, चिखल, चढउतार असलेल्या मार्गावरची शर्यत. तीच स्टेडियममध्ये माती टाकून भरवली की झाली सुपरक्रॉस. दोन्हींत जो पुढं, तो जिंकला. फ्रीस्टाइलचं गणित वेगळं आहे. इथं घड्याळ लावून कुणी पहिला येत नाही. कोण किती कठीण करामत किती सफाईनं करतो, हे पाहून परीक्षक गुण देतात. जिम्नॅस्टिक्समध्ये देतात ना, अगदी तसेच.

हा खेळ वाढला तो १९९०च्या दशकात. शर्यतीतले स्वार उडी मारताना गंमत म्हणून एखादा पाय गाडीवरून पलीकडे टाकत. लोकांना शर्यतीपेक्षा ती गंमतच अधिक आवडू लागली! १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एक्स गेम्समध्ये फ्रीस्टाइल मोटोक्रॉसला जागा मिळाली आणि पहिलं सुवर्णपदक पटकावलं ट्रॅव्हिस पास्ट्राना या अवघ्या पंधरा वर्षांच्या पोरानं.

सगळं ठरतं जमिनीवरच

ऐकून नवल वाटेल, पण हवेतल्या उडीचं भवितव्य गाडी जमिनीवर असतानाच ठरलेलं असतं. रॅम्पचा कोन आणि गाडीचा वेग यांवरून ती किती उंच जाणार आणि कुठं उतरणार, हे नक्की होतं. एकदा चाकं सुटली की स्वारानं कितीही हातपाय हलवले, तरी उतरण्याची जागा बदलत नाही. नेहमीच्या सामन्यांत रॅम्प आणि उतार यांच्यात साधारण ७५ फुटांचं अंतर असतं. वेग थोडा कमी पडला, तर गाडी उताराच्या अलीकडेच आदळणार. जास्त झाला, तर उतार ओलांडून सपाट जमिनीवर. दोन्हीकडे हाड मोडण्याची खात्री!

मात्र हवेत गाडीचं नाक वर-खाली करता येतं, तेही पंखांशिवाय. थ्रॉटल पिळला की मागचं चाक जोरात फिरतं आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून गाडीचं नाक वर उठतं. मागचा ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि नाक खाली झुकतं. म्हणजे हवेतसुद्धा ब्रेकचा उपयोग आहे! हे कळायला दोन मिनिटं लागतात. पण भीतीनं मूठ आपोआप आवळली जात असताना नेमकं तेवढंच बोट, तेवढंच पाऊल हलवायचं, हे अंगात मुरायला मोसमच्या मोसम जातात.

पायरी पायरीनं

म्हणूनच जाणता प्रशिक्षक नवख्याला रॅम्पच्या जवळही फिरकू देत नाही. आधी मातीत गाडी चालवायची. पावदानावर उभं राहून, गुडघ्यांनी गाडी घट्ट धरून. मग मातीचा लहानसा उंचवटा. मग असा उंचवटा, ज्याचा माथा सपाट आहे, म्हणजे उडी तोकडी पडली तरी खाली खड्डा नाही. ही साधी, सरळ उडी शंभरदा मारली तरी शंभरदा सारखीच बसली पाहिजे. त्यानंतरच रॅम्प.

करामतींचा श्रीगणेशा तर गाडी स्टँडवर उभी असतानाच होतो! इंजिन बंद. स्वार सीटवर बसून एक पाय उचलतो, पलीकडे नेतो, परत आणतो. पुन्हा, पुन्हा, पुन्हा... डोळे मिटूनही पाय नेमका पावदानावर पडला पाहिजे. मग हवेत क्षणभर एक पाय सोडायचा. मग दोन्ही. मग एक हात. असं करत करत एक दिवस तो आडवा होऊन ‘सुपरमॅन’ बनतो. त्यासाठी गाडीतही बदल केलेले असतात. सीटखालच्या बाजूच्या पत्र्यांत हाताची पकड बसावी म्हणून खाचा कापलेल्या असतात.

आपल्याकडची गोविंदा पथकं आठवा. गोपाळकाल्याचे थर एका दिवसात लागत नाहीत. सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो आणि वरच्या थरावर चढायला मिळतं ते खालचे थर पक्के झाल्यावर. इथंही तसंच. फरक इतकाच की सगळे थर एकट्यानंच लावायचे!

फोमचा खड्डा आणि उलटी कोलांटी

या खेळाचं कळस गाठणारं कौशल्य म्हणजे बॅकफ्लिप. गाडीसकट उलटी कोलांटउडी! बरीच वर्षं ती मोठ्या गाडीवर अशक्य मानली जात होती. २००० मध्ये केरी हार्ट या अमेरिकन स्वारानं ती भर स्पर्धेत मारून पाहिली. गाडी फिरली, पण उतरताना तोल गेला. पुढच्याच वर्षी पुन्हा प्रयत्न करताना त्याला हवेतच गाडी सोडून द्यावी लागली. उंचावरून पडून त्याची हाडं मोडली. २००२ मध्ये मात्र माइक मेट्झगर आणि पास्ट्राना यांनी एक्स गेम्समध्ये बॅकफ्लिप मारून दाखवली. जी अशक्य होती, ती बघता बघता स्पर्धेत टिकण्याची किमान अट बनली!

या बदलात मोठा वाटा आहे तो एका साध्यासुध्या सोयीचा. ती म्हणजे फोमचा खड्डा. मोठा हौद खणायचा, तो फोमच्या ठोकळ्यांनी काठोकाठ भरायचा आणि त्यात गाडीसकट पडायचं! कोलांटी अर्धवट राहिली, डोकं खाली आलं, तरी स्वार बहुधा धडधाकट बाहेर येतो. मग क्रेननं गाडी वर काढायची आणि पुन्हा रॅम्प गाठायचा. धोका इथंही आहेच. तापलेल्या सायलेन्सरमुळे फोम पेट घेऊ शकतो, शिवाय शंभर किलोची गाडी अंगावर येऊ शकते. त्यामुळे आग विझवण्याची साधनं आणि मदतीला माणसं हजर असल्याशिवाय कुणी उडी मारत नाही. फोमनंतर हवेनं फुगवलेली प्रचंड गादी आणि सगळ्यात शेवटी मातीचा उतार, असा हा क्रम.

याच मार्गानं पास्ट्रानानं ४ ऑगस्ट २००६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये एकाच उडीत दोन कोलांट्या मारल्या. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉश शीहाननं तर तीन! आणि ही मिरासदारी फक्त पुरुषांची नाही बरं का. कॅनडाच्या जोलीन व्हॅन व्हग्टनं पूर्ण आकाराच्या मोटोक्रॉस गाडीवर बॅकफ्लिप मारून पहिली महिला होण्याचा मान मिळवला आहे.

एवढी काळजी घेऊनही हा खेळ कुणाला माफ करत नाही. एक्स गेम्सचा सुवर्णपदक विजेता जेरेमी लस्क फेब्रुवारी २००९ मध्ये कोस्टा रिकातल्या स्पर्धेत कोलांटी पूर्ण न झाल्यानं डोक्यावर आपटला आणि काही दिवसांतच गेला. वय फक्त २४. हाताशी सर्व साधनं असलेल्या कसलेल्या खेळाडूची ही कथा. मग साधी जीन्स आणि चप्पल घालून डांबरी रस्त्यावर गाडी उचलणाऱ्याचं काय?

जाळीची परंपरा आपलीच!

हवेतल्या करामतींचं शिक्षण आपल्याला नवं नाही. विष्णुपंत छत्रे या मराठी माणसानं १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. छत्रे मुळात अश्वविद्येतले जाणकार. पुढं केरळमधल्या तेल्लिचेरीच्या किलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि त्यातूनच तिथं सर्कशीच्या प्रशिक्षणाची परंपरा उभी राहिली. झुल्यावरचे कसरतपटू तिथं तयार झाले ते खाली जाळी बांधून. मल्लखांबाच्या आखाड्यातही वस्ताद आधी उतरायला शिकवतो, मग चढायला. घोड्याच्या जागी मोटरसायकल आली आणि जाळीच्या जागी फोम, एवढंच!

आपल्याकडे सुरुवात कुठून?

भारतात मातीवरच्या शर्यतींना चांगला प्रेक्षक मिळू लागला आहे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली आणि परदेशी स्वारांच्या उड्या पुणेकरांना घरच्या मैदानावर पाहायला मिळाल्या. बेंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. त्यानं कोलारजवळ उभारलेल्या ‘बिग रॉक’ डर्ट पार्कमध्ये नवख्यांना मातीत गाडी चालवण्याचे धडे मिळू लागले. बेंगळुरूच्याच ऐश्वर्या पिस्सेनं २०१९ मध्ये बाहा विश्वचषकात महिलांचं विजेतेपद आणलं. राष्ट्रीय स्पर्धांत उतरायचं, तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया या संस्थेचा परवाना लागतो. थोडक्यात, पहिल्या पायऱ्या आपल्याकडे आहेत. त्या चढायला हव्यात.

पण अनेक मुलं त्या सोडून थेट रस्ता गाठतात. मध्यरात्रीचा पूल, मित्रांचं टोळकं, मोबाइलचा कॅमेरा... आणि समोरून येणारा एखादा दूधवाला, ज्याचा या खेळाशी काडीचाही संबंध नाही! कायद्याच्या नजरेत हे धोकादायक वाहन चालवणं आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. मुलगा अल्पवयीन असेल, तर २०१९ मधल्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

तेव्हा आईबाबांनो, पोराच्या मोबाइलमध्ये असे व्हिडिओ दिसले, तर केवळ ‘खबरदार!’ म्हणून भागणार नाही. ओढ दाबली, तर ती चोरवाटेनं बाहेर पडते. त्यापेक्षा त्याला विचारा, ‘हा स्वार पडायला कुठं शिकला, माहीत आहे का रे तुला?’ जिम्नॅस्टिक्सचा किंवा मल्लखांबाचा वर्ग दाखवा. सायकलवर तोल सांभाळायला लावा. वय झालं की पैसे साठवून चार दिवस बंदिस्त मैदानात, जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पाठवा. तिथं पूर्ण हेल्मेट, मानेचा आधार, छातीचं कवच, गुडघ्यांचे संरक्षक आणि मोटोक्रॉसचे उंच बूट सक्तीचे आहेत का, जवळ डॉक्टर आहे का, हे स्वतः जाऊन पाहा.

कदाचित तिथं आठवडाभर मातीत गाडी ढकलून त्याची हौस फिटेल. कदाचित नाही फिटणार आणि पुढंमागं बालेवाडीच्या मैदानात लाउडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं जाईल. दोन्ही वेळी संध्याकाळी तो आपल्या पायांनी घरी आलेला असेल, याहून मोठं पदक कुठल्या आईला हवं असतं?